दात्याची पात्रता

दानाविषयी आपल्या शास्त्रकारांनी जितका सूक्ष्म विचार केला आहे, तितका अन्य सत्कृत्यांविषयी क्वचितच केलेला आढळेल. दान कोठे, केव्हा आणि कोणास द्यावे, हा विवेक ‘देश, काल व पात्र’ या शब्दांनी आपल्या नित्याच्या बोलण्यातही रुळला आहे. परंतु पात्रतेची चिकित्सा आपण बहुधा घेणाऱ्यापुरतीच करतो. याचक खरोखर गरजू आहे काय, दिलेल्या द्रव्याचा तो सदुपयोग करील काय, हे आपण पाहतो; देणारा मात्र देतो एवढ्यानेच पात्र ठरतो. वस्तुतः धर्मशास्त्रात दानाची जी सहा अंगे सांगितली आहेत, त्यांत पहिले अंग दाता हेच आहे. आपल्याला त्याचा विसर पडला, आणि द्रव्यदानात तो विसर एक वेळ खपूनही जातो. कारण रुपया कोणाच्याही हातून आला तरी त्याचे मोल तेवढेच राहते. पण जेथे हातांचे कौशल्यच दान म्हणून द्यावयाचे असते, तेथे देणाऱ्याची पात्रता पाहिल्यावाचून गत्यंतर नाही. रुग्णसेवा हे अशा प्रकारचे दान होय. आणि ती परक्या देशातील निर्धन लोकांत जाऊन करावयाची असली, म्हणजे हा प्रश्न अधिकच बिकट होतो.

आज अनेक तरुण डॉक्टर, परिचारिका आणि वैद्यकाचे विद्यार्थी आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील एखाद्या आडगावी सेवेसाठी जातात. कोणी पंधरवड्यासाठी जातो, कोणी वर्षासाठी. परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींची मुलेही त्यांत असतात. जाण्यापूर्वी ती वडीलधाऱ्यांचे आशीर्वाद घेतात, आणि कधी प्रवासखर्चासाठी समाजापुढे हातही पसरतात. अशा वेळी चार कौतुकाचे शब्द बोलून यथाशक्ति देणगी द्यावी, हे सर्वांत सोपे. तथापि ज्या रुग्णाच्या नावाने ती देणगी जमते, तो त्या सभेत हजर नसतो. त्याच्या वतीने विचारावयाचे प्रश्न कोणी तरी विचारले पाहिजेत. आणि पैसा आपला असेल, तर ते कर्तव्यही आपल्याकडेच येते.

पहिला आक्षेप नेहमी असा निघतो की, घरचे दारिद्र्य सोडून परक्यांच्या दारी कशाला जावे? मेळघाटात किंवा गडचिरोलीत काय रुग्ण कमी आहेत? हा आक्षेप अगदीच पोकळ नाही. पण तो निर्णायकही नाही. १९३८ साली हा देश स्वतः परतंत्र आणि दरिद्री होता. तरीसुद्धा जपानी आक्रमणाने होरपळलेल्या चीनमधून वैद्यकीय साहाय्याची विनंती आली, तेव्हा राष्ट्रसभेने पाच डॉक्टरांचे पथक पाठविले. सुभाषचंद्र बोस त्या वर्षी राष्ट्रसभेचे अध्यक्ष होते. पथकात अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. आपले घर आधी पूर्ण सावरावे आणि मगच शेजाऱ्याकडे धावावे, असा नियम केला, तर कोणीच कोणाच्या मदतीस कधी जाऊ शकणार नाही. दुःखाची निकड ही गावाच्या शिवेवर थांबणारी वस्तू नव्हे.

पण कोटणिसांच्या चरित्राचा बोध आपण अनेकदा अपुरा घेतो. १९४६ साली व्ही. शांताराम यांचा बोलपट निघाला आणि परक्या भूमीवर बत्तिसाव्या वर्षी प्राण ठेवणारा हा तरुण घरोघरी पोहोचला. त्याच्या मृत्यूने आपले डोळे भरून आले, हे स्वाभाविकच होते. परंतु ९ डिसेंबर १९४२ रोजी आलेला तो मृत्यू बाजूस ठेवला, तरी त्यांच्या सेवेचे मोल कमी होत नाही. ते चिनी भाषा शिकले. जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करीत असतानाच ते तेथील विद्यार्थ्यांना शस्त्रवैद्यक शिकवीत. १९४१ मध्ये, डॉ. बेथून या कॅनेडियन शल्यविशारदाच्या नावाने चालणाऱ्या रुग्णालयाचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. तेथील परिचर्येची शिक्षिका कुओ छिंगलान हिच्याशी त्यांनी विवाह केला. म्हणजे ज्या लोकांची सेवा करावयाची, त्यांच्या भाषेत त्यांनी स्वतःची चूक दाखवून घेण्याची सोय केली, आणि त्यांच्या शिस्तीखाली ते राहिले. दात्याची पात्रता म्हणतात ती हीच. प्राणार्पण प्रत्येकाच्या वाट्यास येत नाही, येऊही नये. पण ज्यांची सेवा करावयाची त्यांस उत्तरदायी राहणे प्रत्येकास शक्य आहे.

हे उत्तरदायित्व जेथे सुटते, तेथे सेवेचे रूप कसे पालटते, ते पाहावे. स्वदेशात ज्या विद्यार्थ्यास वरिष्ठांच्या देखरेखीवाचून जखमेला टाका घालण्याचीही मुभा नसते, तोच परक्या खेड्यात प्रसूती करावयास धजतो. कारण तेथे त्यास अडविणारे कोणी नसते. ‘काहीच नसण्यापेक्षा काही तरी बरे’ असे त्याचे समर्थन करण्यात येते. हे समर्थन वरवर दयाळू दिसते. पण त्यात एक गृहीत दडलेले आहे, ते असे की तेथे खरोखरच काही नव्हते. पुष्कळदा तेथे वीस वर्षांच्या अनुभवाची सुईण असते किंवा मोजक्या साधनांवर दवाखाना चालविणारी परिचारिका असते. आणि पाहुण्याच्या आदरापोटी तीच बाजूला होऊन उभी राहते. शिवाय संपन्न माणसाच्या उपचारात चूक झाली, तर तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो, दादही मागतो. निर्धनास यांपैकी एकही मार्ग मोकळा नसतो. यास्तव त्याच्या बाबतीत नियम शिथिल न करता उलट अधिक कडक केले पाहिजेत.

कौशल्य पुरेपूर असले, तरी प्रश्न संपत नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया घ्या. निष्णात हाताला तीस पंधरा-वीस मिनिटे पुरतात, आणि एका आठवड्याच्या शिबिरात शेकडो डोळे मोकळे करता येतात. पण दुसऱ्या दिवशी तो डोळा पाहावा लागतो, काही आठवडे औषधाचे थेंब घालावे लागतात, आणि डोळ्याच्या आत जंतुसंसर्ग झाल्यास तातडीने उपाय करावा लागतो; नाही तर दृष्टी कायमची जाते. शस्त्रक्रिया करणारा तोवर विमानात बसला असेल, तर त्या रुग्णाने कोणाचे दार ठोठवावे? दोष येतो तो गावातल्या आरोग्यसेविकेच्या माथी; आणि पुढच्या वर्षी शेजारचा म्हातारा, डोळा असून नसल्यासारखा झाला तरी, शिबिराकडे फिरकत नाही. पाहुण्याच्या हिशेबी मात्र ती शस्त्रक्रिया यशस्वी म्हणून नोंदलेली असते.

न मागता दिलेल्या दानाचाही भार होतो. बोस्नियातील युद्धाच्या काळात, १९९२ ते १९९६ च्या दरम्यान, तेथे येऊन पडलेल्या औषधांपैकी सुमारे १७,००० टन औषधे निरुपयोगी ठरली. काहींची मुदत संपलेली होती, तर काही तेथे कोणास नकोच होती. ती नष्ट करण्याचा खर्च पुन्हा त्या युद्धग्रस्तांच्याच डोक्यावर! हैतीचे उदाहरण तर याहून दारुण आहे. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपाने तो देश कोलमडला होता. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात तेथे पटकीची साथ उद्भवली. तिचा उगम संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत नेपाळहून आलेल्या तुकडीच्या छावणीपाशी होता. तेथील मैला नदीच्या पाण्यात गेला होता. सुमारे दहा हजार माणसे दगावली. त्या साथीतील आपला वाटा संयुक्त राष्ट्रांनी मान्य केला आणि हैतीच्या जनतेची क्षमा मागितली, ती २०१६ साली. ते सैनिक डॉक्टर नव्हते, आणि त्यांच्या मनात दुष्टावाही नव्हता. पण सद्हेतूने पाण्याची शुद्धी होत नाही, हे त्या नदीकाठच्या लोकांना प्राण देऊन शिकावे लागले.

आता त्यागाविषयी. परदेशी जाणारा सेवक संकट पत्करतो, हे नाकारण्याचे कारण नाही. पण त्याच्या खिशात परतीचे तिकीट असते. पश्चिम आफ्रिकेतील गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन या देशांत २०१४ ते २०१६ या काळात एबोला रोगाने अकरा हजारांहून अधिक बळी घेतले. आठशेहून अधिक आरोग्यसेवकांना त्या रोगाची लागण झाली, आणि त्यांतील बहुतेक त्याच भूमीची लेकरे होती. सिएरा लिओनमधील केनेमा येथे रुग्णांवर उपचार करणारे डॉ. शेख उमर खान २९ जुलै २०१४ रोजी त्याच रोगाने गेले. त्याच सुमारास लायबेरियात आजारी पडलेल्या अमेरिकन सेवकांना खास विमानाने अमेरिकेत नेण्यात आले व ते बरे झाले. त्यांना नेले हे उचितच झाले. वाचविता येणारा जीव वाचवावाच. तथापि एकाच रुग्णालयात, एकाच संकटापुढे उभ्या असलेल्या दोघांपैकी एकालाच विमान मिळते, ही गोष्ट परतलेल्या सेवकाने विसरता कामा नये. सत्काराच्या सभेत त्याने प्रथम त्या मागे राहिलेल्यांची नावे घ्यावीत, आणि हातमोज्यांपासून औषधांपर्यंत जे आपल्याला मिळाले, ते त्यांनाही मिळावे म्हणून झगडावे.

मग परदेशी जाऊच नये काय? असा निष्कर्ष आम्हांस मान्य नाही. घेणाऱ्याच्या बाजूचा अनुभव आपल्या गाठीशी आहे. बेळगावहून पुण्याच्या वाटेवर मिरज लागते. तेथे डॉ. विल्यम वॉनलेस या परकीयाने १८९४ साली रुग्णालय उघडले आणि १९२८ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, ते चालविले. त्यामागे ख्रिस्ती मिशनचा हेतू होता, हे लपविण्यासारखे नाही. आणि रुग्णाच्या अगतिकतेचा मोबदला श्रद्धेच्या रूपाने मागणे, ते कोणत्याही धर्माने केले तरी, दान न राहता व्यवहार होतो, असेच आमचे मत आहे. परंतु त्याच संस्थेत एतद्देशीय तरुणांना वैद्यकाचे शिक्षण मिळाले, आणि मिरज हे दवाखान्यांचे गाव म्हणून दूरवर प्रसिद्धीस आले, हेही तितकेच खरे. हैतीमध्येही असेच घडले. पॉल फार्मर या अमेरिकन डॉक्टरने १९८० च्या दशकात तेथील सहकाऱ्यांसह कांज या डोंगराळ वस्तीत दवाखाना उभारला. त्याने गावकऱ्यांतूनच आरोग्यसेवक निवडले, त्यांना शिकविले, आणि वेतनही दिले. क्षयाच्या रुग्णाला रोज घरी जाऊन गोळी देणारा माणूस शेजारचाच असे. २०१३ साली जवळच्या मिरेबाले येथे मोठे रुग्णालय उघडले, तेव्हा तेथे हैतीच्याच तरुण डॉक्टरांना उच्च शिक्षण मिळू लागले. २०२२ मध्ये फार्मर वारले, तेव्हा त्यांनी शिकविलेली माणसे मागे होती.

अल्पकाळाची सेवाही सर्वथा त्याज्य नाही. भूकंपानंतरच्या पहिल्या दिवसांत अस्थिरोगतज्ज्ञ आठवडाभरासाठी आला, तरी तो देवासारखाच. मात्र त्यास तेथील लोकांनी बोलाविलेले असावे. तेथील प्रमुखाच्या आज्ञेत त्याने राहावे. आणि आपल्यामागे रुग्ण कोणाच्या हाती सोपवावयाचा, हे निघण्यापूर्वी ठरलेले असावे. एखाद्या शल्यविशारदाने दरवर्षी त्याच गावी जाऊन त्याच दोन स्थानिक डॉक्टरांना शिकविले, तर त्याचे पंधरवडे वाया गेले असे कोण म्हणेल?

राहता राहिला हेतूचा प्रश्न. कोणी पुण्यासाठी जातो, कोणी कीर्तीसाठी, कोणी परदेश पाहावा म्हणून, तर कोणी प्रवेशपरीक्षेच्या अर्जात एक ओळ वाढावी म्हणून. हेतू शुद्ध असावा हे उत्तमच. पण शुद्ध हेतूने अकुशल हाताचे पाप धुऊन निघत नाही, आणि मिश्र हेतूने कुशल हाताचे काम बाटत नाही. मनुष्याचे अंतःकरण बहुधा मिश्रच असते. ते निर्मळ करण्याची साधना त्याने आयुष्यभर करावी. रुग्णाला मात्र तोवर थांबता येत नाही. त्यास विचाराल, तर तो सेवकाच्या अंतःकरणाची परीक्षा न करता एवढेच विचारील : तुला हे काम येते काय, आणि मला उद्या दुखू लागले तर मी कोणाकडे जाऊ?

यास्तव आपल्यापैकी कोणाचा मुलगा अगर मुलगी अशा सेवेस निघेल, तेव्हा वाचकांनी आशीर्वाद अवश्य द्यावा; पण देणगीची पावती फाडण्यापूर्वी प्रेमाने काही गोष्टी विचाराव्यात. तुला तेथे कोणी बोलाविले आहे? जे काम तू तेथे करणार, ते येथे करण्याची तुला अनुज्ञा आहे काय? तेथील भाषेतले निदान दुखण्याखुपण्याचे शब्द तू शिकलास काय? तू परत आल्यावर तुझे रुग्ण कोण पाहणार, आणि त्या माणसाला तू काय शिकवून येणार? आपल्या प्रवासाला जो पैसा लागतो, त्यात तेथील एका परिचारिकेचे वर्षाचे वेतन निघेल काय, हाही हिशेब त्याने मांडून पाहावा. आणि निघत असेल, तर आपले जाणे त्याहून उपयोगी कसे, हे मनाशी ठरवावे. ज्याच्याजवळ या प्रश्नांची उत्तरे आहेत, त्यास मुक्तहस्ताने द्यावे. ज्याच्याजवळ नाहीत, त्यास नाउमेद करू नये. आणखी एक वर्ष शिकून ये, थैली तुझ्यासाठी राखून ठेवतो, असे सांगावे.