चढणीची वाट

आषाढात आपण पंढरीची वाट धरतो, त्याच दिवसांत नदीतला मासाही वाट धरतो. गोंडपिपरी तालुक्याच्या कडेला वर्धा आणि वैनगंगा एक होतात आणि प्राणहिता या नावाने गोदावरीकडे जातात. मोठ्या पावसाने पाणी गढूळ होऊन चढू लागले की इथले रोहू, कतला, मृगळ प्रवाहाच्या उलट निघतात. मादीच्या पोटात लाखो अंडी असतात. पुराचे पाणी काठावर उथळ पसरते तिथे ती अंडी सोडते आणि एका दिवसाच्या आत पिले बाहेर येतात. दूर अमेरिकेतला स्टीलहेड मासा तर समुद्रातून परत आपल्या जन्मनदीत चढतो.

साचलेल्या पाण्यात रोहू-कतला अंडी घालत नाहीत. पोट भरलेले असते, पण वाहते पाणी नाही तर प्रसूती नाही. म्हणून तर माशाच्या ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालवण्याचा उपाय शोधावा लागला. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधरी यांना तो साधला.

आपण माळकरी मासा खात नाही. नाल्याच्या तोंडाशी आडवे जाळे लावून चढणीचा मासा धरणाऱ्याला मात्र आपण नावे ठेवतो. गाभोळीचा मासा धरू नये, हे खरेच. पण वैनगंगेवर गोसेखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली. ती उंच भिंत कोणता मासा चढून जाईल? तिचे पाणी चंद्रपूर जिल्ह्यातल्या धानाच्या बांध्यांना हवे होते, आणि तो भात आपल्याच ताटात येतो. जाळे सकाळी उचलता येते, भिंत उचलता येत नाही. मग हिंसा काय फक्त ताटात काय वाढले यावरून मोजायची?

कुणी म्हणेल, धानानेही लेकरेच जगतात. अगदी खरे. म्हणूनच हा प्रश्न सोपा नाही. गरजेने पाण्यावर हक्क मिळतो, पण ज्याची वाट अडली त्याला विसरण्याचा हक्क मिळत नाही. हे ऋण थोडे तरी फेडता येते. नाल्याचे अर्धे पात्र जाळ्याविना मोकळे ठेवावे. नवा बंधारा होताना माशासाठी वाट ठेवा, असे ग्रामसभेत उठून म्हणावे. आणि ढिवर बांधवाला पापी म्हणू नये, कारण मासा आटला की पहिली चूल त्याचीच विझते.

वारीच्या वाटेवर अनोळखी माणसेही आपल्याला पाणी देतात, वाट देतात. मुक्या जिवाची वाट मोकळी राखली, तरच आपली माळ नुसती गळ्यात राहिली नाही असे म्हणता येईल.