जपावे की वापरावे?



एखादी उत्तम वस्तू आपल्या हाती आली, तर तिचा मान कशाने राहतो? तिला जपून ठेवल्याने की तिचा उपयोग केल्याने? ट्रंकेतली पैठणी, वडिलांचे घड्याळ, आजीची तांब्यापितळेची भांडी यांच्याबाबत हा प्रश्न आपण सर्वांनीच केव्हा ना केव्हा सोडवलेला असतो. बहुधा फारसा विचार न करता. तो येथे मी अशा एका वस्तूच्या आधाराने मांडणार आहे, जी आपल्यापैकी थोड्यांनीच पाहिली असेल. ती म्हणजे बांबूच्या कामट्यांपासून हाताने घडवलेली, गळाने मासे धरण्याची काठी.

नदीकाठची मुले तोडून घेतात तो हा अखंड बांबू नव्हे. कारागीर वाळलेला बांबू चिरून त्याच्या कामट्या काढतो, शेकून गाठी सपाट करतो, आणि प्रत्येक कामटीच्या आतल्या दोन बाजू रंध्याने तासून तिला साठ अंशांचा कोन देतो. सालीकडची बाजू मात्र तो तासत नाही, कारण सर्वांत दाट व चिवट धागे तेथेच असतात. मग अशा सहा कामट्या सरसाने जोडून एक षट्कोनी काठी तयार होते. मुठीकडून शेंड्याकडे ती निमुळती होत जाते, आणि हे निमुळतेपण इंचाच्या हजारांशांत मोजावे लागते. शेजारशेजारच्या कामट्यांच्या गाठी एका ठिकाणी येणार नाहीत, हेही पाहावे लागते. नंतर रेशमी दोऱ्याने कड्या बांधायच्या, बुचाची मूठ बसवायची, धातूचे जोड लावायचे आणि रोगण चढवायचे. एका काठीमागे चाळीस-पन्नास तास सहज जातात.

अमेरिकेत ही कला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पेनसिल्व्हेनियातील ईस्टन येथे सॅम्युएल फिलिप या बंदुका घडवणाऱ्या कारागिराने रुजवली, आणि 1870 नंतर मेन प्रांतातील हायरम लेनर्ड याने तिचा मोठा प्रसार केला. त्या काळी लागणारा बांबू आपल्या कलकत्ता बंदरातून जात असे, म्हणून त्याला कलकत्त्याचेच नाव पडले होते. पुढे त्याची जागा चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील बांबूने घेतली. कँटन येथे मिशनऱ्यांनी स्थापन केलेल्या महाविद्यालयात शिकवणारे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्लॉइड मॅक्ल्यूर यांनी 1931 मध्ये या बांबूला शास्त्रीय नाव दिले. त्यातील लॅटिन विशेषणाचा अर्थ आहे 'प्रिय वाटावा असा'.

1950 च्या अखेरीस अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि हा बांबू तेथे मिळेनासा झाला. त्याच सुमारास काचतंतूच्या आणि 1970 नंतर कार्बनतंतूच्या काठ्या आल्या. त्या हलक्या, स्वस्त, आणि पाण्याला न भिणाऱ्या. बांबूच्या काठीची गरज संपली. वस्तूची गरज संपली की तिचा संग्रह सुरू होतो, आणि आपला प्रश्नही येथेच उभा राहतो.

संग्राहकांच्या बाजारात एक नियम आहे. काठी जितकी कमी वापरलेली, तितकी तिची किंमत अधिक. मूळचे रोगण काढून नवे चढवले की मोल घटते. शेंडा दोन इंच तुटला असेल तरी मोल घटते. जी काठी कधी पाण्यावर गेलीच नाही, ती सर्वांत मौल्यवान. आता हे पाहा की, चांगला कारागीर एका काठीबरोबर बहुधा दोन शेंडे देत असे. का? शेंडे आलटून पालटून वापरावेत, आणि एक मोडलाच तर दुसरा हाताशी असावा म्हणून. म्हणजे वापरताना नुकसान होणार, हे घडवणाऱ्याने गृहीतच धरले होते. जी झीज त्याने आधीच मान्य केली, तीच बाजार दोष म्हणून मोजतो.

तरीही संग्राहकाला लोभी ठरवून मोकळे होणे अन्यायाचे होईल. अमेरिकेतील एव्हरेट गॅरिसन हे पेशाने अभियंता. काठी किती व कशी वाकावी याचे गणित मांडून त्यांनी आयुष्यभर काठ्या केल्या. होगी कारमायकल या तरुणाने त्यांच्याजवळ बसून ते काम पाहिले, त्याचा चित्रपट केला, आणि 1975 मध्ये गॅरिसन वारल्यावर त्यांची सारी रीत ग्रंथरूपाने 1977 मध्ये प्रसिद्ध केली. त्या ग्रंथावरून कितीतरी लोक ही विद्या शिकले. जुन्या उस्तादांच्या काठ्या कोणी जपल्या नसत्या, तर त्यांची मापे घेऊन नव्या काठ्या करणेही अशक्य झाले असते. तेव्हा जपणे हीसुद्धा सेवा होऊ शकते.

पण जपण्याचे दुसरेही एक रूप आहे, आणि ते मला स्वतःच्या अनुभवाने ठाऊक आहे. भाषांतराच्या कामानिमित्त मी हिमाचलात असताना एका वृद्ध इंग्रज सहकाऱ्यांनी मला तीर्थन नदीवर ट्राउट मासा धरायला शिकवले. 1998 मध्ये मायदेशी परतताना त्यांनी आपली बांबूची काठी माझ्या हाती दिली. मला ती इतकी मोलाची वाटली की, मी ती वापरलीच नाही. मोडली तर काय, ही भीती. नदीवर मी साधी काचतंतूची काठी नेत असे. ते दर नाताळाला पत्र पाठवीत, आणि शेवटी एक ओळ ठरलेली असे: काठीने यंदा काही धरले का? मी उत्तरात लिहीत असे की काठी उत्तम आहे. ते खोटे नव्हते, पण त्यांच्या प्रश्नाचे ते उत्तरही नव्हते.

2014 मध्ये त्यांच्या निधनाची बातमी आली. त्या दिवशी मी नळकांडे उघडले. कापडी पिशवीला कुबट वास येत होता. रोगणावर फोड आले होते, धातूचा जोड घट्ट धरला होता, आणि एका शेंड्याच्या कामट्या सुटू लागल्या होत्या. ज्या काठीला मी पाण्यापासून वाचवले, तिला बंद नळकांड्यातील ओलाव्याने खाल्ले होते. वापरली असती, तर दर वेळी ती पुसली, वाळवली आणि तपासली गेली असती.

त्या संध्याकाळी जमिनीत पुरून ठेवलेल्या ठेव्याचा प्रभूचा दृष्टान्त मला आठवला. तो सेवक चोर नव्हता. धन्याची वस्तू त्याने जशीच्या तशी परत केली. मला तर तेवढेही जमले नाही! दोघांच्याही मुळाशी भीती होती, आणि आम्ही दोघेही तिला निष्ठा समजत होतो.

भाषांतरकाराला 'मालक' व 'कारभारी' या शब्दांतील अंतर रोज जपावे लागते. मालक विचारतो, हे माझ्याजवळ किती काळ राहील? कारभारी विचारतो, हे ज्यासाठी दिले गेले ते माझ्या हातून होत आहे काय? या दुसऱ्या प्रश्नाला संग्राहकही होकार देऊ शकतो. त्याने आपले कपाट शिकणाऱ्यासाठी उघडले, मापे घेऊ दिली, एखाद्या नवख्याच्या हाती काठी देऊन तिचा बाक अनुभवू दिला, तर ती काठी काम करतेच आहे. उलट वापरणाराही चुकू शकतो. ओली काठी कोपऱ्यात तिरकी टेकवून ठेवणाऱ्याने घडवणाऱ्याचे श्रम तितकेच तुच्छ मानले. म्हणून मला वाटते, दोष जपण्यात नाही की वापरण्यात नाही. जी वस्तू दुसऱ्याच्या प्रेमातून आपल्याकडे आली, तिचा ओघ आपल्यापाशी थांबवणे, हा दोष आहे.

एका जाणकाराने माझी काठी दुरुस्त केली. जोड सुटला, नवे रोगण चढले. सुटलेला शेंडा वाचला नाही, पण दुसरा शाबूत होता. बाजारात आता तिला फारशी किंमत येणार नाही. दरवर्षी परवाना काढून काही दिवस मी ती नदीवर नेतो, आणि गावातील मुलांपैकी कोणी पाहत उभे राहिले तर त्याच्या हाती देतो. हात थरथरतो माझा, अजूनही. मात्र ज्यांना त्या एका ओळीचे उत्तर द्यायचे होते, ते आता पत्र वाचायला नाहीत.

वाचकहो, आपल्या घरातही असे एखादे बंद नळकांडे असेल. त्यात काठीच असेल असे नाही. ते आज उघडून पाहा, आणि ज्यांनी ते दिले ते हयात असतील, तर त्यांना खरे उत्तर लिहा.