दिव्याची खूण

फोंडाघाटातून समुद्र दिसत नाही. तरी ही पेठ जगली ती बंदरांच्या जिवावर. कोल्हापूर-निपाणीकडचा माल घाट उतरायचा, इथे विसावायचा आणि देवगड-खारेपाटणच्या वाटेला लागायचा. देवगडच्या किल्ल्यातलं दीपगृह १९१५ सालचं. त्याच्या भरवशावर रात्रीची गलबतं किनाऱ्याने गेली. त्यांत माल भरून देणाऱ्या घाटावरच्या माणसाने मात्र तो दिवा कधी पाहिलाही नसेल.

दीपगृह वाट दाखवतं, असं आपण सहज म्हणतो. खरं तर ते फक्त आपलं नाव सांगतं. बहुतेक दिवे पांढरेच. मग देवगड कोणतं आणि रत्नागिरी कोणती, हे तांडेलाने ओळखायचं कसं? प्रत्येक दिव्याचे झोत ठरलेले असतात. एक झोत येऊन गेला की मनात सेकंद मोजायचे, पुढचा कधी येतो ते बघायचं आणि नकाशावरच्या नोंदीशी ताडायचं. मधला काळोखसुद्धा मोजणीत धरलेला. दिवा ओळखला की आपण कुठे आहोत ते कळतं. जायचं कुठे, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

म्हणून विझलेल्या दिव्यापेक्षा भलतेच झोत टाकणारा दिवा वाईट. दिवा विझला तर खलाशी सावध होतो, वेग कमी करतो, पाण्याची खोली बघतो. खूण बदलली तर तो निर्धास्तपणे खडकावर जाईल. वेंगुर्ल्यासमोर भर समुद्रात असे खडक आहेत, आणि त्यांच्यावरही दीपगृह आहे. घरातलंच बघा ना. रोज तापट असणाऱ्या काकांशी सगळ्यांचं निभावतं. आज गोड, उद्या कडू अशा माणसापुढे जाताना मात्र पाय अडखळतो.

दिव्यालाही बदलावं लागतं, यंत्रं जुनी होतात. पण ते परस्पर चालत नाही. बदल आधी जाहीर होतो, दर पंधरवड्याला निघणाऱ्या नाविकांच्या सूचनांत छापला जातो, जहाजावरच्या नकाशात तशी दुरुस्ती होते. जीपीएस आलं तरी हा रिवाज सुटलेला नाही. या सूचना काढणारं नौदलाचं जलालेखन कार्यालय आहे डेहराडूनला, हिमालयाच्या पायथ्याशी. तिथूनही समुद्र दिसत नाही.