घेतलं तर काय बिघडतं?

आमच्या आत्याच्या फ्रिजवर सात खणांची प्लॅस्टिकची डबी असते, सोमवार ते रविवार. आत्याचं वय ७२, मधुमेह पंधरा वर्षांचा, मांसाहार जन्मात नाही. गेल्या दिवाळीत गेलो तेव्हा ती डबी भरत बसली होती, मेथी निवडावी तितक्या मन लावून. मी सहज बाटल्या फिरवून मागची मुंगीएवढी अक्षरं वाचायला लागलो. कॅल्शियमच्या गोळीत ड जीवनसत्त्व. मल्टिव्हिटॅमिनमध्ये ड. आतेभावाने न्यू जर्सीहून आणलेल्या तीनशे गोळ्यांच्या बरणीत पुन्हा ड. शिवाय दर रविवारी दुधातून ६०,००० युनिटची पुडी. ही पुडी डॉक्टरांनी आठ आठवड्यांसाठी लिहून दिली होती. थांबव असं कुणी सांगितलं नाही, म्हणून दीड वर्ष चालूच.

“अगं, एवढं कशाला?”

“घेतलं तर काय बिघडतं? ताकदीचंच आहे ना!”

बिघडलं होतं. भूक मेली होती, पोट साफ होत नव्हतं, आणि तपासलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं. ब गटातली आणि क जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात, जास्त झाली तर बरीचशी निघून जातात. बी-कॉम्प्लेक्सनंतर लघवी पिवळीधमक होते ती त्यातल्या रायबोफ्लेव्हिनमुळे. आपले पैसे वाहून जाताना डोळ्यांनी बघायची ही सोय. अ आणि ड मात्र चरबीत विरघळतात आणि अंगात साठत जातात.

पण आत्याला हसण्यात अर्थ नाही. हेच वाक्य मोठमोठ्यांनीही धरून ठेवलं होतं. गाजर-पालेभाज्या खाणाऱ्यांत कॅन्सर कमी दिसतो, मग त्यातलं बीटा-कॅरोटीन गोळीतून द्यावं, या आशेने फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुफ्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त. गाजरात जे गुणाचं, तेच गोळीत अंगाशी आलं.

या सगळ्या गोळ्यांतली एक थेट आपल्या मुंबईतून निघाली आहे. १९२८ मध्ये ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर मुंबईत आली. गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायका पांढऱ्याफटक पडत होत्या, दगावत होत्या. त्याचं कारण तिला शोधायचं होतं. तिने आधी त्यांच्या ताटात डोकावलं: कोणत्या घरात काय शिजतं, दूध-भाजी किती, कोणाला परवडतं. मग माकडांवर प्रयोग केले, आणि शेवटी गुण आला तो यीस्टपासून केलेल्या स्वस्त मार्माइटने. १९३१ मध्ये तिने ते प्रसिद्ध केलं. पुढे दहा वर्षांनी तोच घटक पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला आणि पानासाठीच्या लॅटिन शब्दावरून त्याला फोलिक ॲसिड नाव पडलं. विल्सबाईंचा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आधी ताट, मग उणीव, मग गोळी. आपण नेमके उलटे जातो. आधी बरणी येते, मग तिच्यासाठी दुखणं शोधतो.

आणि फोलिकचीही एक खोच आहेच. ते रक्त सुधारतं, पण बी-१२ ची उणीव असेल तर रक्ताचा रिपोर्ट चांगला दिसतो आणि आत नसा खराब होत राहतात. पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या खेड्यांतल्या मातांचा अभ्यास १९९३ पासून चालवला आहे. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांत बी-१२ कमी होतं. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सगळ्यात जास्त आढळली. एकामुळेच दुसरं झालं, असं एवढ्यावरून म्हणता येत नाही. तरी ‘ताकदीचंच आहे’ म्हणणाऱ्याने दोन क्षण थांबावं.

दुकानदार थांबवणार नाही. औषध म्हणून विकायचं तर गुण सिद्ध करावा लागतो; पूरक आहार म्हणून विकलेली बरणी कायद्याने अन्न ठरते. पुढे झळकता धावपटू, आणि औषध म्हणून वापरू नये, ही ओळ मागे.

आत्याच्या डॉक्टरांनी पुडी बंद केली, बरणी बाजूला ठेवायला सांगितली. एक गोळी मात्र नवी दिली, बी-१२ ची. इतक्या बाटल्यांत तिच्या खऱ्या गरजेची तीच नव्हती; होती ती मल्टिव्हिटॅमिनमध्ये चिमूटभर. शाकाहार, त्यात मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन, म्हणजे उणीव ठरलेलीच. मोड आलेल्या कडधान्यांतून आणि स्पिरुलिनातून ती भरून निघत नाही. दूध-दह्यातून थोडी निघते, पण आत्या दूध चहापुरतंच घेते.

उरलेली बरणी तिने पोळ्या करायला येणाऱ्या सुनीताबाईंना देऊ केली. त्यांचं हिमोग्लोबिन आठ. महापालिकेच्या दवाखान्यातून आणलेल्या लोहाच्या लाल गोळ्या पदराच्या गाठीत होत्या.

“घेता ना रोज?”

“घेते की. सकाळी चहासंगट.”

चहा लोह अडवतो हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आत्याने बरणी परत कपाटात ठेवली आणि लिंबू कापायला घेतलं.