मत्सर : वाटणे आणि करणे

वाशी येथे निरूपणानंतर एका वासनिकाने विचारले, "बाबा, शेजाऱ्याचे घर झाले आणि मला मत्सर वाटला. मी दोषी झालो काय?" मला तत्काळ उत्तर देता आले नाही. एका गुरुबंधूंच्या निरूपणाची स्तुती ऐकून त्याच सुमारास माझेही मन खट्टू झाले होते. म्हणून प्रथम शब्दाचाच विचार करू.

'मत्सर' शब्द 'मद्' धातूशी संबद्ध आहे. ऋग्वेदात तो सोमरसाचे विशेषण म्हणून 'मद आणणारा' या अर्थी येतो. परोत्कर्ष न साहणे हा अर्थ पुढचा. पाणिनीने ईर्ष्या व असूया यांना क्रोध व द्रोह यांच्यासह एकाच सूत्रात बसविले. व्याख्याकारांच्या मते ईर्ष्या म्हणजे न साहणे, तर असूया म्हणजे गुणांतही दोष काढणे. गीतेच्या नवव्या अध्यायारंभी भगवान श्रीकृष्ण गुह्यतम ज्ञान सांगताना अर्जुनास असूयारहित म्हणतात, ते उगीच नव्हे. मराठीतील 'हेवा' सौम्य आहे. "आपल्या पाठांतराचा हेवा वाटतो" ही स्तुती होय. "मत्सर वाटतो" असे कोणी तोंडावर म्हणत नाही.

'मला मत्सर वाटतो' या वाक्यात व्याकरणदृष्ट्या कर्ता मत्सर आहे. 'मी मत्सर करतो' यात कर्ता मी. विकार उठतो तो पूर्वसंस्काराने. त्याला वाचा व कृती देणारे मात्र आपणच. राजसूय यज्ञात श्रीकृष्णांस अग्रपूजेचा मान मिळाला, तो शिशुपालाला सलला. पण तो तेथेच थांबला नाही. भरसभेत निंदा करू लागला.

याच प्रसंगावर भास्करभट्ट बोरीकरांनी 'शिशुपालवध' रचला. ग्रंथ उत्तम, परंतु प्रवृत्तांस रुचेल, निवृत्तांस उपयोगी नाही, असा अभिप्राय त्यांस मिळाल्याचे परंपरा सांगते. अभिप्राय देणाऱ्यास मत्सरी ठरविणे सोपे होते. तसे केले असते तर त्याच्या स्पष्टोक्तीच्या गुणात दोष काढल्यासारखे झाले असते, आणि तीच असूया! कवीश्वरांनी त्याऐवजी 'उद्धवगीता' लिहिली.

त्या वासनिकास पुढे सांगितले, "वाटला तो विकार, तो ओळखलात हे बरे झाले. आता त्या घराविषयी बोलताना आपली जीभ कोणता दोष शोधते, तेवढे पाहा." गुरुबंधूंच्या निरूपणाविषयी मला कोणी विचारील, तेव्हा हीच कसोटी मलाही लागू आहे.