नेम आणि तहान
माउली, पाऊस लांबला की ज्ञानोबारायांच्या पालखीबरोबर दिवेघाट चढताना ऊन भाजून काढते. सावली कुठेच नाही. अशा वेळी दिंडीतले एखादे म्हातारे वारकरी मटकन खाली बसतात. थांबावे तर भजन सुटते, दिंडी पुढे जाते, नेम मोडतो. न थांबावे तर?

ऊन सोसणे हे आपल्या संप्रदायात पुण्याचे माप नव्हे. देह कष्टवायला आपण चालत नाही. वाटेत एकमेकांच्या पाया पडतो, ते समोरच्यात विठ्ठल पाहून. तोच तहानेने खाली बसला असता त्याला ओलांडून पंढरीला कोणाच्या दर्शनाला जायचे? त्यांना पाणी द्या, उपरण्याची सावली धरा. दिंडी सासवडच्या मुक्कामी भेटेलच.