खालची पट्टी

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत अण्णांचं फॅब्रिकेशनचं शेड आहे. एक ड्रिल मशीन, एक वेल्डिंग सेट, छताला चेन पुली. पत्रा लेझरवर कापून आणि वाकवून आणायला दोन गल्ल्या पलीकडे जावं लागतं. पूर्वी तिथे खिडक्यांच्या ग्रिल आणि रॅक व्हायच्या. आता गाड्यांचं काम जास्त येतं, कारण कारागिरांच्या हत्यारांच्या पेट्या बदलल्या. कडी लावायची पत्र्याची पेटी मागे पडली आणि एकावर एक बसून कटकन अडकणाऱ्या जाड प्लास्टिकच्या पेट्या आल्या. बॉशची एल-बॉक्स, डिवॉल्टची टफसिस्टीम, मिलवॉकीची पॅकआउट. या पेट्या एकमेकींना घट्ट धरतात. पण सगळ्यांत खालच्या पेटीला कोण धरणार? तिच्यासाठी गाडीच्या तळाला पोलादी प्लेट बसवावी लागते. पेटी सरकवली की तिचे पाय प्लेटच्या खाचांत शिरतात आणि खटका पडतो.

बल्क मिल्क कूलर दुरुस्त करणारा एक तरुण ठेकेदार दोन व्हॅन घेऊन अण्णांकडे आला. दूध 4 अंशांवर आणणारं यंत्र मध्यरात्री बंद पडलं तर संकलन केंद्रातलं दूध नासायची भीती असते. त्यामुळे त्याची माणसं रात्रीबेरात्री फलटण, लोणंद, वाई अशी पळत असतात. प्रत्येक गाडीत तीन पेट्यांचा थर, एकेक पेटी भरून 20 किलोची.

अण्णांनी 3 मिलिमीटर जाडीच्या पत्र्याच्या प्लेटा करून घेतल्या, काठ घासले, काळं पावडर कोटिंग करून आणलं. पहिल्या गाडीत प्लेट त्यांनी स्वतः बसवली. दुसरी आयटीआय करून नुकत्याच आलेल्या पोरावर सोपवली. पोरगा हाताचा चांगला होता. भोकं पाडण्याआधी त्याने खाली डिझेलची टाकी, ब्रेकची नळी, वायरिंग कुठून जातं ते पाहिलं. भोकांच्या कडांना गंजरोधक रंग लावला. चारही बोल्ट टॉर्क पान्याने आवळले. संध्याकाळी गाडी तयार झाली. ठेकेदाराने प्लेटवर उभं राहून दोनदा उडी मारली, पेट्या चढवून हलवून पाहिल्या. प्लेट जागची हलेना.

अण्णा मात्र पुठ्ठा अंथरून, टॉर्च घेऊन गाडीखाली शिरले.

पुढच्या दोन बोल्टना खालून जाड पोलादी पट्टी होती. मागच्या दोघांना नुसती वॉशर. तिथे तळाची आडवी बीम मध्ये येत होती, पट्टी बसत नव्हती, म्हणून पोराने ती बाजूला ठेवून दिली होती.

“अण्णा, वरून चौघांनी उपटली तरी निघायची नाही,” पोरगा म्हणाला. “आणि खाली कोण बघतंय?”

“राहू द्या अण्णा,” ठेकेदारही म्हणाला. “मला रात्रीत फलटण गाठायचंय.”

अण्णांनी वाद घातला नाही. भंगारातल्या एका व्हॅनच्या तळाचा तुकडा त्यांनी कामाच्या लोखंडी टेबलावर शिकंज्यांनी आवळला. भोक पाडून तसाच बोल्ट, तशीच वॉशर लावली आणि वरून चेन पुलीचा हुक अडकवला. “ओढ,” ते पोराला म्हणाले.

साखळी ताणली गेली. पत्रा घुमटासारखा वर आला, वॉशर वाकली, आणि भोक फाटून बोल्ट सबंध बाहेर आला. बोल्टच्या आट्यांना ओरखडाही नव्हता. मग अण्णांनी दुसरं भोक पाडून बोल्टखाली रुंद पट्टी घातली. या वेळी पत्रा फुगला, पण बोल्ट सुटला नाही. साखळी ओढता ओढता टेबलाचे पाय जमिनीवरून उचलले गेले.

“बोल्ट 8.8 ग्रेडचा, आठ मिलिमीटरचा,” अण्णा म्हणाले. “सरळ ताणला तर जवळजवळ तीन टन पेलतो. पण तो धरतो कुणाला? एक मिलिमीटरही जाड नसलेल्या तळाच्या पत्र्याला. आणि दादा, तुम्ही प्लेटवर उडी मारली ती खालच्या दिशेने. गाडी ताशी 50 च्या वेगाने आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर वीस किलोची पेटी चारशे किलोच्या जोराने पुढे जायला बघते. तुमच्या तीन पेट्यांचे बाराशे झाले. उंच थर नुसता पुढे सरकत नाही, तो उलथतो. मग मागचे बोल्ट वर उपटले जातात. पट्टी नव्हती ते नेमके हेच बोल्ट. आणि पेट्यांच्या पुढे कोण बसतं?”

ठेकेदाराने फोन करून पहिली गाडी फलटणला पाठवली आणि स्वतः थांबला. पोराने बीमच्या आकाराची खाच कापून दोन नव्या पट्ट्या केल्या, त्या बसवून नायलॉक नट लावले. काम संपलं तेव्हा शेजारची शेडं बंद झाली होती. मला या गोष्टीतलं ठेकेदाराचं हे थांबणं मोठं वाटतं. चूक दाखवणारे पुष्कळ भेटतात. घाईत असूनही ती दुरुस्त होईपर्यंत गिऱ्हाईक म्हणून उभा राहणारा क्वचित.

उसाच्या हंगामात लोणंदच्या रस्त्यावर रात्री मागचे दिवे नसलेल्या ट्रॉल्या चालतात. पुढे त्यातल्या एका ट्रॉलीवर ठेकेदाराची ती दुसरी व्हॅन आदळली. ड्रायव्हरने सीटबेल्ट लावला होता. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि गाडीचा पुढचा भाग चेपला. दीड महिन्याने तो कामावर आला.

प्लेट काढून नव्या गाडीला लावायची म्हणून ती व्हॅन भोसरीला आली. गाडीखाली पोरगा गेला. तळाचा पत्रा मागच्या दोन्ही बोल्टांभोवती वर फुगला होता, पट्ट्या वाकल्या होत्या, पण चारही नट जागेवर होते. पेट्यांतला एक पानाही इकडचा तिकडे झाला नव्हता. पोराने वाकलेल्या पट्ट्या अण्णांपुढे ठेवल्या. “या भंगारात टाकायच्या,” अण्णा म्हणाले, “नव्या गाडीला नव्या कर.” आणि ते पुढच्या कामाला लागले.

त्या शेडमध्ये आता पोरगा आधी गाडीखाली शिरून खालची मापं घेतो आणि मग वरची प्लेट आखतो. बिलातही बदल झाला आहे. पूर्वी प्लेट आणि पट्ट्या वेगळ्या लिहिल्या जायच्या आणि पैसे कमी करायचे म्हटलं की गिऱ्हाईक पट्ट्यांवर बोट ठेवायचं. आता दोन्ही मिळून एकच ओळ, एकच दर; आणि नुसती प्लेट मागणाऱ्याला अण्णा काम नाकारतात.